खिडकीची पाटी आणि आतला कारकून : युनिक्सच्या बॅकअपचा एक छोटा इतिहास

वसईजवळचे निर्मळ हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते तळ्याकाठच्या शंकराचार्यांच्या समाधीमुळे आणि कार्तिकातल्या जत्रेमुळे. गावात होली क्रॉस चर्च आहे. जवळच सोपारा आहे, ज्याला अरब लेखक सुबारा किंवा सुफारा म्हणत. इतिहासकार अल-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916च्या सुमारास, कोकण किनाऱ्यावर आला होता. चौलबरोबरच (त्याच्या लेखी सैमूर) त्याने सुबारा आणि ठाणे ही नावेही नोंदवून ठेवली.

या सोपाऱ्यात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पुढे 1956 साली निर्मळच्या पंचक्रोशीतल्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. चौदा लेखांपैकी हाती आले ते दोनच, तेही मोडके. तरीही बाकीच्या लेखांत काय असेल हे अभ्यासक बऱ्याच खात्रीने सांगू शकतात. कारण तोच मजकूर गिरनारला आहे, कालसीला आहे, शाहबाजगढीला आहे, धौलीला आहे. एका ठिकाणचा दगड फुटला, पण मजकूर वाचला. आजच्या भाषेत याला बॅकअप म्हणतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट चौदाव्या लेखात आहे. तिथे अशोक स्वतःच सांगतो की हे लेख कुठे थोडक्यात, कुठे मध्यम, तर कुठे विस्ताराने कोरले आहेत. काही ठिकाणी जागेमुळे किंवा कोरणाऱ्याच्या चुकीमुळे मजकूर अपुरा राहिला असेल. म्हणजे नक्कल काढणाऱ्याने नकलेत काय सुटू शकते तेही लिहून ठेवले. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. संगणकाच्या बॅकअपमध्ये दिसणाऱ्या एका छोट्या ओळीचा इतिहास सांगताना म्हणूनच सुरुवात इथून केली. ती ओळ आहे ‘सॉकेट इग्नोर्ड’, म्हणजे ‘सॉकेट वगळले’. ज्यांच्या शाळेत, ट्रस्टच्या कार्यालयात किंवा वाचनालयात लिनक्सचा सर्व्हर आहे, त्यांनी ती कधीतरी पाहिली असेल आणि आपले काहीतरी हरवले म्हणून धसकाही घेतला असेल.

सगळे काही फाइल

युनिक्सचा जन्म 1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यामागची मुख्य नावे. या प्रणालीचा एक ठाम विचार होता : शक्य तितक्या गोष्टी फाइलच्या रूपात दाखवायच्या. पत्र ही फाइल, हिशेब ही फाइल, आणि टेपयंत्र किंवा टर्मिनल हेसुद्धा फाइलच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला प्रत्येक यंत्रासाठी वेगळी भाषा शिकायला नको. फाइल उघडा, वाचा, लिहा, बंद करा, काम झाले.

सोय मोठी होती, पण तिच्या पोटात एक अडचणही होती. नाव फाइलचे असले तरी सगळ्यांच्या आत मजकूर नसतो. युनिक्समध्ये यादी मागवली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक खूण येते. साध्या फाइलला आडवी रेघ, फोल्डरला ‘डी’, यंत्राकडे जाणाऱ्या फाइलला ‘सी’ किंवा ‘बी’, आणि दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या नावाच्या नळीला ‘पी’. या विशेष फाइली आहेत. त्यांच्या आत काही साठवलेले नसते. त्या कुठेतरी घेऊन जातात.

आता बॅकअप घेणारा प्रोग्रॅम भोळा असेल आणि दिसेल ती फाइल उघडून वाचत सुटला, तर काय होईल? ‘पी’ खूण असलेली नळी त्याने उघडली की पलीकडून कोणीतरी काही पाठवील याची वाट पाहत तो बसून राहील. पलीकडे कोणीच नसेल तर रात्रभर बसेल. शून्ये देणारी एक यंत्र-फाइल असते. तिची नक्कल काढायला गेला तर जागा संपेपर्यंत शून्येच लिहीत राहील. म्हणून बॅकअपचा पहिला नियम असा ठरला : आधी फाइलची जात ओळखा, मग वाचायची की नाही ते ठरवा.

टेप आणि टार

जानेवारी 1979 मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत टार आले. टेप आणि आर्काइव्ह या दोन शब्दांतून हे नाव तयार झाले. काम सरळ : प्रत्येक फाइलच्या आधी 512 बाइटचे एक शीर्ष लिहायचे, त्यात फाइलचे नाव, मालक, परवानग्या, आकार आणि वेळ नोंदवायची, आणि पाठोपाठ मजकूर टेपवर उतरवायचा. आपल्याकडे जुन्या दप्तरात कागदांचा रुमाल बांधताना वर चिठ्ठी लावत, तसेच हे शीर्ष.

त्या पहिल्या टारला विशेष फाइली घेताच येत नसत. अशी फाइल आली की ‘ही फाइल नाही, घेतली नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन ते पुढे जाई. घेत नसे, पण न घेतल्याचे सांगत असे.

पुढे 1988च्या पॉझिक्स प्रमाणकाच्या काळात टारच्या शीर्षात जातींची पद्धतशीर यादी आली. साधी फाइल, दुवा, यंत्र, फोल्डर, नावाची नळी, प्रत्येकाला एक आकडा मिळाला. सॉकेटला मात्र मिळाला नाही. विसरून राहिले असे समजू नये. सॉकेट तोवर येऊन पाच वर्षे झाली होती. ते काय असते हे समजले की आकडा का नाही तेही समजते.

1983 : सॉकेट येते

ऑगस्ट 1983 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातून युनिक्सची 4.2 बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात सॉकेट ही नवी सोय होती. आज फोनवर संदेश पाठवताना किंवा एखादे पान उघडताना जे जाळे वापरले जाते, त्याच्या प्रोग्रॅमिंगचा पाया तिथे घातला गेला. जाळ्यावर चालणारी सॉकेटे डिस्कवर फाइल म्हणून दिसत नाहीत. पण एकाच संगणकातल्या दोन प्रोग्रॅमना आपापसात बोलायचे असेल, तर त्यासाठी वेगळ्या जातीचे सॉकेट असते आणि त्याला फाइलचे नाव मिळते. यादीत त्याची खूण ‘एस’.

पोस्ट ऑफिसातली खिडकी डोळ्यांसमोर आणा. वर पाटी आहे, ‘खिडकी क्र. 3, मनीऑर्डर’. आत कारकून बसला आहे. लोक पाटी पाहून रांग लावतात, कारकून काम करतो. सॉकेटची फाइल म्हणजे ती पाटी. कारकून म्हणजे आत चालू असलेला प्रोग्रॅम, मग तो छपाई सांभाळणारा असो वा डेटाबेस चालवणारा. लोकांचे व्यवहार पाटीवर लिहिलेले नसतात. ते कारकुनाच्या वहीत असतात. पाटीचा फोटो काढून दुसऱ्या इमारतीत लावला म्हणून तिथे मनीऑर्डर सुरू होत नाही.

म्हणूनच सॉकेटची फाइल साध्या पद्धतीने उघडायला गेले तर प्रणाली नकार देते. वाचण्यासारखे आत काही नाही. कारकून कामावर आला की तो स्वतःच पाटी लावतो. प्रोग्रॅम सुरू होताना सॉकेटची फाइल नव्याने तयार होते. तिची नक्कल जपून ठेवण्याची गरजच नाही.

उलट जपून ठेवली तर कधी कधी त्रास होतो. वीज गेली, संगणक अचानक बंद पडला, की कारकून नसलेली पाटी मागे राहते. नवा कारकून येतो, तीच पाटी लावू पाहतो, आणि प्रणाली सांगते : हा पत्ता आधीच वापरात आहे. बरेचसे प्रोग्रॅम शहाणे असतात, जुनी पाटी काढून नवी लावतात. काही अडून बसतात. आर्सिंकसारखे साधन नेहमीच्या सर्वसमावेशक पद्धतीने चालवले तर सॉकेटची नोंदसुद्धा नकलेत तयार करते. ती निव्वळ पाटी असते. तिच्याशी बोलायला गेलात तर जोडणी नाकारली जाते. हा घोळ टाळायला लिनक्सच्या जगात 2011च्या सुमारास ‘रन’ नावाचा वेगळा फोल्डर रूढ झाला. तो डिस्कवर नसून मेमरीत असतो, संगणक बंद झाला की पुसला जातो. पाट्या तिथेच लावायच्या, म्हणजे त्या शिळ्या राहणार नाहीत.

मुंबईतली युनिक्सची वाट

आपल्याकडे हे सगळे कसे पोहोचले? 1978 साली आयबीएम कंपनी भारतातून निघून गेली आणि देशी बनावटीच्या संगणकांना जागा मिळाली. नोव्हेंबर 1984 मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. त्याच वर्षी रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला. नोकऱ्या जातील या भीतीने कामगार संघटनांचा विरोध होता, तो पुढे वाटाघाटींतून सैल होत गेला.

1985 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका गटातून जुहूची एनसीएसटी ही संस्था उभी राहिली. श्रीनिवासन रमाणी तिचे संचालक होते. 1986 साली सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई या दोन्ही संस्था होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले 15 ऑगस्ट 1995 रोजी. त्याच्या कितीतरी आधी मुंबईत युनिक्सवर काम करणारी आणि शिकवणारी माणसे तयार झाली होती.

नव्वदच्या दशकात अनेक बँक शाखांत एका कोपऱ्यात काचेची वातानुकूलित खोली असे. आत युनिक्सचे यंत्र, बाहेर चपला काढून ठेवायच्या. संध्याकाळी ‘डे-एंड’ झाला की कॅसेटसारखी टेप घालून दिवसाचा बॅकअप घ्यायचा. टेपेवर वाराचे नाव, आणि दुसरी प्रत शाखेबाहेर. बँकेतल्या कारकुनाला सॉकेट म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, पण टेप न काढता घरी जायचे नाही हे ठाऊक होते. ती शिस्त मोलाची होती.

दुसरी प्रत दुसरीकडे का, याचे उत्तर 26 जुलै 2005 रोजी मुंबईने अनुभवले. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरची घरे, दुकाने, कार्यालये पाण्यात गेली आणि त्यांच्यासोबत कागदही. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली होते. ज्या कपाटात मूळ कागद, त्याच कपाटात त्याची प्रत ठेवली तर दोन्ही एकदमच भिजतात.

ओरडणारी ओळ आणि गप्प राहिलेली फाइल

आता पुन्हा त्या ओळीकडे येऊ. जीएनयू टार ‘सॉकेट इग्नोर्ड’ म्हणते तेव्हा ते फक्त इशारा देत असते. काही हरवलेले नाही. जुन्या टारची ‘घेतली नाही’ म्हणण्याची सवय त्याने पाळली आहे.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. रोज रात्री तीच ओळ येते, माणूस कंटाळतो, आणि सगळेच इशारे कचऱ्यात टाकायची सोय करून ठेवतो. आता सॉकेटची ओळ दिसत नाही हे खरे. पण ‘परवानगी नाही’ ही ओळही दिसत नाही, आणि ‘वाचत असतानाच फाइल बदलली’ हीसुद्धा नाही. या दोन ओळी खऱ्या नुकसानीच्या आहेत. पहिलीचा अर्थ, फाइल नकलेत आलीच नाही. दुसरीचा अर्थ, आली पण अर्धी जुनी, अर्धी नवी.

डेटाबेसच्या बाबतीत हे सर्वांत जास्त घडते. डेटाबेस चालू असताना त्याचा फोल्डर जसाच्या तसा उचलला तर पाटीबद्दल टार बोलेल, पण कारकुनाच्या वहीतली अर्धी पाने आजची आणि अर्धी क्षणभरापूर्वीची आली, हे ते दर वेळी सांगू शकणार नाही. म्हणून डेटाबेसच्या पोटातून मजकूर सुसंगतपणे काढून घेणारी खास साधने असतात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघांकडेही ‘डम्प’ काढण्याची सोय आहे. आधी डम्प काढायचा, मग त्या डम्पची नक्कल टेपवर किंवा दुसऱ्या डिस्कवर पाठवायची. पाटी सोडून दिली तरी चालते. वही सोडून चालत नाही.

करायचे काय ते थोडक्यात असे. सॉकेटे कुठे कुठे आहेत हे ‘फाइंड’ या आज्ञेला ‘एस’ जातीच्या फाइली शोधायला सांगून एकदा पाहून घ्या. ‘रन’सारखे तात्पुरते फोल्डर बॅकअपमधून मुद्दाम वगळा आणि वगळल्याचे लिहून ठेवा. टारमध्ये फक्त ‘फाइल वगळली’ एवढाच इशारा बंद करण्याची सोय आहे, ती वापरा. बाकीचे इशारे कोणीतरी वाचलेच पाहिजेत. आर्सिंकला विशेष फाइली नकोत असे सांगता येते. आणि वर्षातून एक-दोनदा तरी दुसऱ्या संगणकावर बॅकअप उतरवून तो खरोखर उघडतो का, हे तपासा. न तपासलेला बॅकअप म्हणजे न मोजता घेतलेली थैली.

मुसहफ आणि कारी

आपल्या परंपरेला हा फरक नवा नाही. यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेक जण शहीद झाले, तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) यांच्या काळात मजकूर एकत्र करण्याचे काम हजरत झैद बिन साबित (रजि.) यांच्यावर सोपवले गेले. त्यांनी लिहिलेले तुकडे गोळा केले आणि ते माणसांच्या स्मरणाशी ताडून पाहिले. दोन वेगळ्या ठिकाणी जपलेला मजकूर एकमेकांवर तपासायचा, हे तत्त्व तेव्हापासूनचे. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात मुसहफाच्या प्रती मोठ्या शहरांना पाठवल्या गेल्या, आणि परंपरा सांगते की प्रतीसोबत कारीही पाठवले गेले. लिहिलेली प्रत ओझ्यात बांधून नेता येत होती. ती कशी वाचायची हे शिकवणारा जिवंत माणूस मात्र त्या शहरात जाऊन बसावाच लागला.

हदीसच्या अभ्यासातही मजकुरासोबत सनद जपली जाते : कोणी कोणाकडून ऐकले, कोणी कोणाला इजाजत दिली. सनदेची साखळी कागदावर उतरते. पण पुढची कडी जोडायची तर उस्ताद आणि शागिर्द समोरासमोर यावे लागतात. नक्कल आणि जिवंत जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साठवता येते, दुसरी दर वेळी नव्याने सुरू करावी लागते. सोपाऱ्याच्या बाबतीतही हेच घडले. लेखाचे दगड सापडले, मजकूर वाचला गेला. पण मसूदीच्या काळातले बंदर, त्याची जहाजे आणि तिथला व्यवहार कोणत्याही दगडात साठवता आला नाही.

आपली रजिस्टरे

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मुस्लिम समाजातल्या अनेक जमाती या यादीत आहेत. मुलगी डिप्लोमाला प्रवेश घ्यायला निघते, आणि घरात शोध सुरू होतो आजोबांच्या शाळेच्या नोंदीचा. ती नोंद असते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. कधी मराठी शाळेच्या, कधी उर्दू शाळेच्या. पान फाटलेले असते, शाई उडालेली असते, किंवा रजिस्टरच पावसात गेलेले असते. जमातीच्या निकाह रजिस्टरांचे, कब्रस्तानच्या नोंदींचे, वक्फच्या जुन्या कागदांचे हेच दुखणे आहे. उर्दू आणि मराठी या दोन्ही लिपींत काम करणारा शिक्षक म्हणून मला या रजिस्टरांची किंमत रोज दिसते. एक ओळ सापडली तर पोरीचे वर्ष वाचते.

आता गावोगावी हे कागद स्कॅन होऊ लागले आहेत आणि ते आनंदाचेच आहे. पण स्कॅन झाले म्हणजे जपले गेले असे नाही. ते कोणत्या संगणकात आहेत? दुसरी प्रत कुठे आहे? ती शेवटची कोणी उघडून पाहिली? नावांची यादी डेटाबेसमध्ये असेल, तर तिचा डम्प निघतो का, की नुसता चालू फोल्डर उचलला जातो? रोज रात्री बॅकअपचा जो अहवाल तयार होतो, तो वाचणारे कोणी आहे का? हे प्रश्न ट्रस्टच्या बैठकीत विचारायला संगणकाची पदवी लागत नाही.

रजिस्टर स्कॅन करताना एक साधी वहीही ठेवावी. कोणते पान फाटलेले होते, कोणती ओळ वाचता आली नाही, कोणते वर्ष मिळालेच नाही, हे तिच्यात तारखेसह लिहावे आणि खाली सही करावी. पन्नास वर्षांनी एखादा नातू नोंद शोधायला येईल, तेव्हा नोंद नव्हतीच की नक्कल काढताना सुटली, हे त्याला कळले पाहिजे. नोंद नव्हतीच असे कळले तर तो दुसऱ्या शाळेचे रजिस्टर पाहील. सुटली असे कळले तर याच शाळेचे मूळ पान पुन्हा मागेल. ती वही नसेल, तर तो दोन्हीकडून रिकाम्या हाताने परत जाईल.